सगळा प्रश्न करंगळीचा

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. (वयाने मोठा असल्यामुळे ते द्यावे लागतात, मनात काय आहे ते पुढे येईलच.) तुझा गुडघा आता कसा आहे? दुखत असेल तर शेकत जा, नसेल तर उत्तम. या पत्राचा आणि तुझ्या गुडघ्याचा काही संबंध नाही, पण सबंध पत्र वाचून झाल्यावर 'दादाने गुडघ्याची चौकशी केली' एवढेच तुझ्या लक्षात राहणार हे मला ठाऊक आहे. लहानपणापासून तू माझ्या बोलण्यातले एकच वाक्य उचलत आलास, आणि तेही नको ते. इकडे सगळे खुशाल आहे असे पत्रात लिहायची पद्धत आहे. मी खोटे लिहीत नाही. तुझी वहिनी तब्येतीने बरी आहे, पण ती तुझ्या बाजूची झाली आहे. तुझी पुतणीही बरी आहे, पण गेले पाच दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. मीही बराच आहे, फक्त संतापलेला आहे, आणि माझ्या डाव्या हाताची करंगळी बांधलेली आहे.

मुद्द्यावर येतो. येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या बाटल्यांच्या कारखान्याच्या सभागृहात कामगार वाचनालयाचा कार्यक्रम आहे. त्यात तुझी पुतणी स्वतः केलेले गाणे पहिल्यांदाच चारचौघांत म्हणणार आहे, किंवा परवापरवापर्यंत म्हणणार होती. त्या कार्यक्रमाला तू येऊ नयेस. येऊ नयेस, गिटार आणू नयेस आणि 'सहज इकडे आलो होतो' असे म्हणत मागच्या दाराने शिरू नयेस. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागात आहे, पण भरात नाही. नीट विचार करून रागावलो आहे. आता कारणे देतो. कारण न देता मी आयुष्यात काही केलेले नाही. ते तुझे काम.

ही मुलगी मुळात कमी बोलते हे तू जाणतोस. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. तिथे समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो आणि तरीही बोलू शकत नाही, त्यामुळे तिला ती नोकरी चांगली मानवली. घरी मी बोलतो. तर आठ महिन्यांपूर्वी एकदा जेवताना तिने सांगितले की तिने एक गाणे केले आहे. आमच्या घरात माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी काही केल्याची ती पहिलीच बातमी, म्हणून मी हातातला घास हातातच ठेवून प्रसंगाला साजेसे चार शब्द बोललो. (पाऊण तास झाला असे तुझी वहिनी म्हणते. तिच्या घड्याळावर माझा विश्वास नाही.) माझे संपल्यावर ती म्हणाली की गिटारची साथ करायला कुणीतरी हवं होतं, म्हणजे मी विचार करत होते की... आता मला कळते की ते वाक्य अर्धे होते आणि उरलेल्या अर्ध्यात तू होतास. पण अर्धे वाक्य हवेत लोंबकळत ठेवणे माझ्या स्वभावात नाही. मी ते पूर्ण केले. म्हणालो, मी करतो.

हसू नकोस. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस काही शिकायला घेतो याचे कौतुक व्हायला हवे. मी गिटार आणली आणि ड्रायक्लीनरच्या दुकानावर जे मास्तर शिकवतात त्यांच्याकडे जाऊ लागलो. खोलीत खालच्या इस्त्रीची वाफ येते, आणि मास्तर त्या वाफेत बुद्धासारखे बसलेले असतात. पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हाताची नखे कापायला सांगितली. दुसऱ्या दिवशी म्हणाले की बोट दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर नको, पट्टीच्या जरा मागे दाबा. या शास्त्राला आधार काय असे मी विचारले तर म्हणाले, दाबून बघा. तिसऱ्या दिवशी म्हणाले की तुम्ही महिनाभर काही वाजवू नका, दुसरं कुणी वाजवत असेल तिथे नुसते शेजारी जाऊन बसा. मी नुसता बसायला जन्मलो आहे काय? सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या भट्टीपाशी प्यायच्या पाण्याचा नळ आला तो कुणी शेजारी नुसते बसल्यामुळे आला नाही. मी पेटीवर उभा राहून सलग अकरा दिवस बोललो म्हणून आला. हे मी मास्तरांना तिथल्या तिथे, साद्यंत सांगितले. त्यानंतर मी मास्तरांना सोडले की मास्तरांनी मला, याबद्दल दोन मते आहेत.

मग मी माझ्या मार्गाने गेलो, म्हणजे वाचनालयात. मी सचिव असल्यामुळे कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. गिटार या विषयावर तिथे जेवढे होते तेवढे आणि बाहेरून मागवलेले, असे मिळून चौदा ग्रंथ मी पाच महिन्यांत पालथे घातले. लाकूड कोणते, तार कशाची, पाठीला पोक कसे येते, बोटाला घट्टे कधी पडतात, सगळे वाचले. (या काळात प्रत्यक्ष वाजवण्यास फारसा वेळ मिळाला नाही. इमारतीआधी पाया.) आणि या सगळ्या मंथनातून एकच गोष्ट वर आली. चांगला गिटारवादक आणि सामान्य गिटारवादक यांच्यात फरक असतो तो डाव्या करंगळीचा.

तू आता गालात हसत असशील. हसू नकोस, ऐक. अंगठ्याला समाजात मान आहे. ज्याला सही येत नाही त्याचाही अंगठा कागदावर उमटतो. तर्जनीचे काम दुसऱ्याकडे रोखण्याचे, ते मी आयुष्यभर केले. मधले बोट उगाचच उंच. अनामिकेला तर बिचारीला धड नावसुद्धा नाही, पण अंगठी मिळते तिलाच. आणि करंगळी? कान खाजवायची वेळ आली की लोकांना तिची आठवण होते. वर्षानुवर्षे दडपलेले, कडेला ढकललेले असे हे बोट आहे, आणि गिटारीच्या दांडीवर दूरची पट्टी गाठायची झाली की सगळे तिच्याकडेच पाहतात. हा अन्याय वाचून मी पेटून उठलो. दुसऱ्या दिवसापासून करंगळीचे शिक्षण सुरू केले. बाजाराची पिशवी करंगळीने उचलायची, बादली करंगळीने, पुस्तकांचा गठ्ठा करंगळीने. तिसऱ्या आठवड्यात ती वांग्यासारखी दिसू लागली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पट्टी बांधली आणि विचारले की मशीनमध्ये गेली का. मी म्हणालो, कलेत गेली.

त्याच नर्सबाईंमुळे पुढचा घोळ झाला. कार्यक्रमाची सूचना मी फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिली होती: 'आपल्या सभागृहात लवकरच गिटारची साथ. सर्वांनी लाभ घ्यावा.' यात चूक काय आहे मला दाखव. पण त्याच फळ्यावर त्याच सकाळी बाईंनी लिहिले होते की डोळ्यांची साथ आली आहे, सर्वांनी काळजी घ्यावी. दुपारच्या पाळीपर्यंत कुणीतरी माझ्या सूचनेतला 'लाभ' पुसून तिथे 'काळजी' करून ठेवली. संध्याकाळी त्याखाली 'हात वारंवार धुवावेत' असे आले. दुसऱ्या दिवशी 'रुग्णाने एकट्याने वाजवावे'. पॅकिंगखात्यातल्या बायका मला बघून तोंडाला पदर लावू लागल्या, आणि दारावरच्या वॉचमनने अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारले की साहेब, घरात अजून कुणाला लागण झाली का. शब्दांना दोन अर्थ असतात यात माझा दोष नाही. पण लोकांना नेमका दुसराच अर्थ का आवडतो, यावर कधीतरी कुणीतरी बोलले पाहिजे. (मी बोलणार आहे.)

म्हणूनच, लोकांचे अज्ञान घालवावे या हेतूने, मी सभागृहात 'उत्तम गिटारवादक कोणास म्हणावे?' या विषयावर व्याख्यान ठेवले. त्रेचाळीस माणसे आली होती, मी मोजली. अध्यक्ष म्हणून भट्टीखात्याचे निवृत्त फोरमन होते. माणूस सज्जन, पण तीस वर्षे भट्टीच्या धडधडाटात काढल्यामुळे दोन्ही कानांनी अधू. (माझ्या प्रत्येक सभेला तेच अध्यक्ष असतात. दुसरे कुणी तयार होत नाही.) चाळीस मिनिटे मी पूर्वपीठिका मांडली. सभा माझ्या मुठीत होती. मग शिखरावर जाण्यासाठी मी तुझे उदाहरण घेतले. मी म्हणालो की माझा सख्खा धाकटा भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करतो, नऊ वर्षांचा असताना गिटार अशी वाजवायचा की शेजारी भांडण थांबवून ऐकत. आणि एके दिवशी वाऱ्याने दार लागले, त्याच्या डाव्या करंगळीचे टोक गेले, आणि जगाने एक थोर वादक गमावला. तेव्हा मी माझी पट्टी बांधलेली करंगळी उंच, अगदी उंच धरली, म्हणालो की मित्रांनो, सगळा प्रश्न हिचा आहे, आणि परिणामासाठी थांबलो. आयुष्यात भाषणात थांबण्याची माझी ती पहिली वेळ. तिचे फळ ऐक.

अध्यक्ष खुर्चीतून उठले. त्यांनी माझे कोपर प्रेमाने धरले आणि ज्याला कमी ऐकू येते तो माणूस जेवढ्या आवाजात कुजबुजतो तेवढ्या आवाजात कुजबुजले, "जाऊन या, जाऊन या. लाजायचं काय त्यात? या वयात आमचंही असंच होतं."

शाळेत बाईंना करंगळी दाखवून वर्गाबाहेर गेलेली ती त्रेचाळीस माणसे होती, धाकट्या. एकालाही समजावून सांगावे लागले नाही. वॉचमनने धावत जाऊन मोरीच्या बाहेरचा दिवा लावला. पहिल्या रांगेतल्यांनी पाय आत घेऊन वाट करून दिली. मी नाही नाही म्हणत होतो, पण अध्यक्षांना ते ऐकू येत नव्हते आणि बाकीच्यांना ऐकायचे नव्हते. शेवटी वाद घालण्यापेक्षा जाणे बरे म्हणून गेलो. (आणि गेलोच होतो म्हणून, असो.) परत येऊन पाहतो तर त्रेचाळीसातले नऊ उरले होते, आणि त्यांतले सहा झोपलेले. पूर्वी माझ्यामागे मला सगळे 'भोंगा' म्हणत. त्यात काहीतरी दरारा होता. आता 'करंगळी' म्हणतात.

एवढे सगळे मी सोसले. एका ध्येयासाठी सोसले. आणि मग तीन आठवड्यांपूर्वी तू आलास.

आलास कशाला, तर वहिनीच्या मशीनचा टाका सुटतो म्हणून. आलास, बसलास, तिला म्हणालास की जरा चालवा, आणि डोळे मिटलेस. मी तुला त्या मशीनचा सबंध इतिहास सांगत होतो आणि तू डोळे मिटून बसला होतास. मग एक बोट वर केलेस (मला गप्प करण्यासाठी, माझ्याच घरात) आणि खालच्या अंगाला दोन थेंब तेल सोडून एक स्क्रू पाव वळसा फिरवलास. झाले. मशीन मांजरासारखे चालू लागले. त्यावर वहिनीने चहा टाकला आणि मुलगी न विचारता माझी गिटार घेऊन आली. तू दहा मिनिटे नुसत्या खुंट्या पिळत बसलास. गेले आठ महिने ती सुरात आहे असे माझे मत होते, आणि तू तिच्या खुंट्या पिळत होतास की माझे कान, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मग ती गायली आणि तू वाजवलेस. गाणे तुला माहीत आहे, तरी मी इथे लिहितो, कारण माझा आक्षेप त्या गाण्यावरही आहे. 'दार ओढलं, दिवा लावला, मला एक सांगायचं होतं.' आणि गाणे थांबते. बराच वेळ काही नाही. मग 'पाणी ठेवलं, चहा झाला, मला एक सांगायचं होतं.' पुन्हा थांबते. असे तीनदा. मी बाप म्हणून नव्हे, एक वाचक म्हणून विचारतो: सांगायचं होतं तर सांगावं! पाणी उकळून आटून गेले तरी मुलगी मुद्द्यावर येत नाही. ही रचनेतली पोकळी आहे, आणि पोकळी दिसली की ती भरून काढणे हे साथीदाराचे कर्तव्य आहे, असे चौदा ग्रंथ वाचून माझे ठाम मत झाले होते. आणि तू काय केलेस? तू तारांवर तळहात ठेवलास. बस्स. दाबलाही नाहीस, नुसता ठेवलास. तुझ्या वहिनीचा हात कपावर तसाच राहिला. आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो हे मला अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकू आले.

गाणे संपल्यावर वहिनी डोळे पुसत म्हणाली, भावोजी, तुम्ही मध्ये मध्ये थांबता ना, ते किती छान. म्हणजे वाहवा कशाची, तर न वाजवण्याची! जगात दुसरा कुठला धंदा आहे जिथे काम न केल्याबद्दल टाळ्या मिळतात? उद्या न्हाव्याने कात्री बाजूला ठेवून नुसता डोक्यावर हात ठेवला तर त्याला काय म्हणाल? गवंड्याने भिंतीत भगदाड ठेवले आणि म्हणाला की इथे मी विटा लावलेल्या नाहीत, जरा अनुभवा, तर? मी रोज जी पट्टी गाठण्यासाठी करंगळी सुजवून घेतली तिच्या आसपासही तू फिरकला नाहीस. तुझी तीनच बोटे हलत होती. चौथे, ते अर्धे, बाजूला आरामात बसले होते. मी भर सभेत ज्याच्याबद्दल 'जगाने गमावला' म्हणून सांगितले होते तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून वाजवत होता आणि त्याला कशाचीही उणीव भासत नव्हती. तेव्हा एकतर चौदा ग्रंथ खोटे, नाहीतर तू खोटा. मी ग्रंथांच्या बाजूने आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. (मला थोडक्यात सांगता येते.) गेल्या बुधवारी बाहेरच्या खोलीत आमची तालीम झाली. ती खिडकीपाशी उभी, मी खुर्चीत. पहिल्यांदा गाणे थांबले तेव्हा मी ती जागा अगदी माफक भरली. दुसऱ्यांदा मला जे जे येते ते सगळे वाजवले. ते लवकर संपले. म्हणून तिसऱ्यांदा, श्रोत्यांना इथे नेमके काय वाटले पाहिजे ते मी दोन शब्दांत तोंडी समजावून सांगितले. तिने गाणे तिथेच सोडले. ओरडली नाही. ती ओरडली असती तर मी जिंकलो असतो. ओरडण्यात या गावात माझा हात कुणी धरत नाही. ती हळू म्हणाली, "बाबा, साथ द्यायची असते. तुम्ही भाषण देता." मग म्हणाली की काकांना बोलवू या. मी म्हणालो की या घरात एक तर तुझा काका वाजवेल, नाही तर तुझा बाप. ती म्हणाली, मग मी गात नाही. आणि खिडकी लावून आत गेली.

त्याला आज पाच दिवस झाले. फळ्यावर तिचे नाव अजून आहे. पुसायचे तर मलाच पुसावे लागेल, सचिव मी आहे, आणि दोनदा हातात फडके घेऊन मी तिथे उभा राहून आलो. ती दवाखान्यातून येते, चप्पल काढते, आत जाते. वहिनी माझ्याशी 'मीठ', 'टॉवेल' आणि 'सरका' एवढेच बोलते. घरात इतकी शांतता आहे की काल मी एकटाच चहा पिताना प्रास्ताविक करून गेलो.

तरीही माझे मत मी बदललेले नाही, आणि ते लेखी नोंदवून ठेवतो. चांगला वादक तो, ज्याला काही सांगायचे आहे आणि जो ते सांगितल्यावाचून राहत नाही. गप्प बसण्याला कला म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आपले बाबा गप्प बसले आणि मुकादमाने त्यांच्या नावावर दुसऱ्याची चूक टाकली. आमचे भट्टीवाले वर्षानुवर्षे गप्प बसले आणि तहानलेले राहिले. जगातली प्रत्येक लबाडी कुणाच्या तरी गप्प बसण्यावर उभी असते. आणि तू मला सांगायला निघालास की चार क्षण गप्प बसणे म्हणजेच वाजवणे? (तू तसे म्हणाला नाहीस हे मान्य. तू काहीच म्हणत नाहीस, हाच तर मुद्दा आहे.)

तेव्हा आजपासून तुझेमाझे संबंध संपले असे समजावे. घरात सर्वांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि गुडघ्याची काळजी घ्यावी. तुला वहिनीचा नमस्कार. पुतणीचाही असेल, ती बोलत नसल्यामुळे मी गृहीत धरतो.

तुझा (हे सवयीने आले),
दादा

ता. क. : वहिनीचे मशीन पुन्हा टाका सोडू लागले आहे. शनिवारी येऊन पाहून जावेस. मशीन पाहायला येणे म्हणजे कार्यक्रमाला येणे नव्हे, हा फरक मी सर्वांना समजावून सांगेन. येताना तारांचा एक संच आण. दुसऱ्यांदा भरलेल्या जागेत एक तार गेली.

आणखी एक ता. क. : पाकीट डिंकाने चिकटवले होते, पुन्हा उघडले. आत्ता संध्याकाळी मी तिच्या दाराबाहेर उभा राहून तिला विचारले की त्या थांबण्यात नेमकं आहे तरी काय. उत्तर आधीच ठाऊक नसताना मी कुणाला काही विचारल्याची ही पहिलीच वेळ असावी. आतून ती म्हणाली, "काही नाही, बाबा. तिथे तुम्ही ऐकायचं." माझ्याकडे यावर चार उत्तरे तयार होती, चारही बिनतोड. मी उभा राहिलो. नळ ठिबकत होता. मग ती बोलू लागली. काय बोलली ते लिहीत नाही. पाऊण तास बोलली. या वेळी घड्याळ मी पाहिले.

तिसरे ता. क. : दार वाऱ्याने लागले नव्हते. चव्वेचाळीस वर्षे मी सगळ्यांना वारा सांगत आलो, बाबांना, डॉक्टरांना, परवा त्रेचाळीस माणसांना. तुलाही. दुसऱ्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा होती, मी आतल्या खोलीत तालीम करत होतो, आणि एका वाक्यावर हात असा फेकला की दार धाडकन लागले. तू उंबऱ्यापाशी ऐकत बसला होतास. विषय बंधुभाव होता. माझा पहिला नंबर आला. तेव्हापासून मी मानत आलो की तुझे वाजवणे मी संपवले, म्हणून तुझ्यासमोर मला गप्प बसवत नाही. आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात पाहतो तर तुला त्या बोटाची गरजच नाही! मग चव्वेचाळीस वर्षे मी ओझे वाहिले ते कशासाठी? हे तू मला आधी सांगायला नको होतेस? (सांगितले असशील. मी बोलत असेन.)

शेवटचे : रविवारी सकाळी सव्वादहाची गाडी पकड, म्हणजे जेवायला पोचशील. गिटार तुझी आण, माझी नको. ती गाणार आहे आणि साथ तू करायचीस. फळ्यावर माझे नाव पुसून तुझे मी स्वतः लिहिले आहे, आणि या खेपेला त्याखाली कुणी काही लिहिलेले नाही. मी पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर असेन. गाणे थांबेल तेव्हा एकदा माझ्याकडे बघ. मी करंगळी वर धरली असेल तर त्याचा अर्थ एवढाच की मला बोलायचे आहे आणि मी बोलत नाही. फक्त अध्यक्षांना माझ्या शेजारी बसू देऊ नकोस. ते मला ऐन गाण्यात बाहेर नेऊन सोडतील.